सर्टिफिकेट आणणार नाही

४ जाने.
कोर्टाने मला नादार, म्हणजे दिवाळखोर, ठरवलं तेव्हा वाटलं, संपलं एकदाचं. दुकान गेलं. शाळांच्या गॅदरिंगला भाड्याने द्यायचे कपडे, मावळे, राण्या, ससे, सगळे कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरने लिलावात विकले. आज पाटणकर वकील म्हणतात, कर्ज अजून माफ नाही! त्यासाठी ठरल्या मुदतीत वेगळा अर्ज करायचा होता. मुदत गेली. दुकानासाठी कर्ज दिलेले फायनान्सवाले आता नादारीच रद्द करा म्हणून कोर्टात गेलेत. झाली रद्द, तर त्यांची वसुलीची माणसं परत सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझं नाव ओरडणार.
ओरडा म्हणावं.

५ जाने.
वकील: "आजारी होतात असं दाखवू. डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा."
आजारी? तेव्हा हडपसरला गारमेंट कंपनीत कॉलर शिवत होते. ठणठणीत.
जेवताना सुधीर चिडला. "एका कागदाने सुटत असशील तर नवऱ्याचं ऐकायला काय होतं?"
"सगळं विकून झालंय सुधीर. खोटं बोलायची वेळ अजून आली नाहीये."
ताटावरून उठला. भाजी तशीच.

१२ जाने.
सुधीर बोलत नाही. डबा मात्र नेतो.

२० जाने.
शिवाजीनगर कोर्ट. फायनान्सचा वकील, कडक इस्त्री. "मुदत म्हणजे मुदत."
जज मॅडमनी मलाच विचारलं, "अर्ज का नाही केलात?"
"कागद वाचला, कळला नाही. तेव्हा वकील परवडत नव्हता."
"आजारी वगैरे होतात?"
"नाही."
पाटणकरांनी डोळे मिटले.
मग मॅडमनी रिसीव्हरला विचारलं, बाईंनी काही लपवलं का?
"नाही. दुकानाची किल्ली स्वतः आणून दिली. मला माहीत नसलेले मुकुटसुद्धा."
निकाल राखून ठेवलाय.

३ फेब्रु.
सुटले!! उशीर माफ, कर्जातून मुक्त. काही न लपवणाऱ्याला नुसती मुदत चुकली म्हणून परत कर्जात ढकलता येणार नाही, असं मॅडम म्हणाल्या.
इस्त्रीवाला जाता जाता: "अपील करणार आम्ही."
"करा की. मी कर्वेनगरलाच असते."
सुधीरला फोन. तो म्हणाला, "येताना काय आणू?"

९ फेब्रु.
अपिलाची नोटीस अजून नाही.
ब्लाउजच्या ऑर्डरसाठी लेस हवी होती. रविवार पेठेत मुनोत शेठकडेच गेले. माझ्याकडची त्यांची उधारीही त्या कर्जमुक्तीच्या हुकुमात बुडाली. कोर्टात एकदाही आले नव्हते.
"कोर्टाने सोडलं तुम्हाला. मी नाही."
"तुमचे देणार आहे, शेठ. माझ्या मर्जीने, जमेल तसे. फायनान्सला मात्र दमडी नाही."
"बघू. इथे उधार मिळणार नाही."
"मागितलं कोणी?"
रोख दिले. त्यांनी पिशवी हातात दिली नाही, काउंटरवरून सरकवली.
उद्या परत जाणार. अस्तर घ्यायचंय.