आईच्या मानेवरचा डाग

मंगळवार, ७ फेब्रुवारी २००६
इंदिरानगर, नाशिक

आईचा गुडघा बदलायचाय. आज डॉक्टरांनी तिला विचारलं, "खोट्या दागिन्यांनी कधी खाज येते का? येत असेल तर आधी पाठीवर पट्ट्या लावून धातूची अ‍ॅलर्जी तपासू." आईनं पदर मानेभोवती ओढून घेतला. तिच्याआधी बाबाच म्हणाले, "ती खोटं घालतच नाही."

मी तरी डॉक्टरांना खरं का सांगितलं नाही?

बाबांच्या आजारपणात तिनं मंगळसूत्र मोडलं आणि हुबेहूब तसंच खोटं आणलं, हे फक्त मला माहीत. मानेवरचा तो काळपट, खाजवून सोललेला डागही. बाबांना दिसू नये म्हणून इतकी वर्षं तो पदर. पण तसलाच धातू गुडघ्यात बसला तर? तो काही रात्री काढून ठेवता येणार नाही.

संध्याकाळी आई आडवी झाल्यावर बाबा माझ्याजवळ येऊन बसले.

"उद्या डॉक्टरांना सांग, तपासणी कराच. तिची मान मी रोज बघतो."

"मग सकाळी तसं का बोललात?"

"तिला खाली बघावं लागलं असतं. उद्या विचारतील तेव्हा मला बाहेर बसव. माझ्यासमोर ती मेली तरी सांगायची नाही."