नाव घ्यायचं राहिलं

२ डिसेंबर
डोळखांबहून मुरबाडला आले एकदाची. माझी नात मनस्वी इथे सळयांच्या कारखान्यात भट्टीवर पीएचडी करते. आवारातच खोली दिलीय, भट्टीच्या भिंतीला लागून. मला अक्षरओळख नाय, म्हणून मी बोलते नि ती लिहिते. माझं बोलणं मधेच सुधारते, मला कळतं. हेही लिही गो.

तिचं शिक्षण असं: शंभर लाकडांची धग केली तर लोखंडाला तीसच लाकडांची लागते, सत्तरांची धुराड्यातून नि फटींतून पळते. ती पळणारी धरून ठेवायची. माझी सासू चूल लिंपून हेच करायची. तिला कोणी डॉक्टर म्हटलं नाय.

४ डिसेंबर
भट्टी दुरुस्तीसाठी बंद आहे. आत बैलगाडी वळेल एवढी जागा. मनस्वी दिवसभर आत शिरून भिंतींना धग अडवणारी पांढरी लोकर थापत होती. नवसू म्हणून जुना कामगार आहे, आमच्या बाजूचाच निघाला. त्याला विचारलं, दार लावताना नावं घेता का? माझा बाप जंगलात कोळसा पाडायचा. भट्टीचं तोंड लिंपायच्या आधी सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाने एकेकाचं नाव घ्यायचं, ज्याचं त्याने ‘बाहेर हाय’ म्हणायचं. ज्याचं राहिलं, तो भट्टीच्या लेखी आत. तोंड लिंपल्यावर घेतलेलं नाव चालत नाय. नवसू म्हणाला, इथे कोण घेतंय, पण उद्या तुमीच घ्या म्हातारे, साहेब जेवायला गेला की.

५ डिसेंबर
दार लागलं. नवसू, दीपेश, रवींद्र, प्रणय, चारही नावं मी मोठ्याने घेतली. चौघे हसत ‘बाहेर हाय’ म्हणाले. दीपेश मला चिडवायला दोनदा म्हणाला. त्याला सांगितलं, तुझं वजन बघता दोनदाच बरोबर. मनस्वी बाहेर कोपऱ्यात धग मोजायच्या यंत्राच्या तारा जोडत होती. मग तेल सोडून भट्टी पेटवली.

९ डिसेंबर
तिसाचे पंचेचाळीस झाले. पोरगी खोलीभर नाचली. हात मात्र तिचे गार. भिंतीला पाठ लावली तर माझी भाजते, नि ही शाल मागते. म्हटलं, डॉक्टर व्हायच्या आधीच म्हातारी झालीस.

११ डिसेंबर
साठ. उकळता चहा तिच्या हातात दिला की घोट घ्यायच्या आत थंड. नवसूने तिचा हात धरला नि लगेच सोडला. मग माझ्याकडे बघेना.

१३ डिसेंबर
ऐंशी. तिच्या सरांनी फोनवर सांगितलं, एवढं होतच नाय, यंत्र तपास. तिने तपासलं. यंत्र बरोबर आहे. तेल निम्मंच जळतंय नि धग वाढतेय, ही जास्तीची येते कुठून, असं ती मलाच विचारत होती. दात वाजत होते तिचे.

तेव्हा मला कळलं. मी चार नावं घेतली. ती कामगार नाय, माझी नात, म्हणून जिभेवर आलीच नाय. सगळ्यांत जास्त वेळ आत तीच होती.

हे लिहिताना पोरगी हसतेय. हस बाय.

१४ डिसेंबर
साहेबाच्या पाया पडले. भट्टी बंद करा, दार उघडा, परत नावं घेते. तो म्हणाला, अशी भट्टी कोण बंद करेल. मनस्वी पण म्हणते, उद्यापर्यंतचे आकडे मिळू दे, मग तुझी हौस पुरवू. बोटं वळत नायत तिची. अक्षर वाकडं येतंय म्हणते. मला काय कळतंय—

१५ डिसेंबर, दुपार
ब्याण्णव. नवसूने न विचारता तेल तोडलं. भट्टी विझत नाय. दार जागचं हलत नाय. तेल नाय तर जळतंय काय—

संध्याकाळ
नाव घेतेय सकाळपासून. ती ओठ हलवते. आवाज भिंतीतून येतो—

शंभर.

मनस्वी, पेन ठेव. तोंडाने बोल. बाहेर हाय म्हण गो, एकदाच— हात का चालतोय तुझा? मी तर गप्प होते. काय लिहितेस? मला वाचता येत नाय बाय, काय लिहितेस तू—

आजी, मी आत हा—