मीठ कमी, असं मी सरकारी वहीत लिहिलं

आदरणीय उकंडराव भाऊ यांस,

शालिग्रामचा दोन्ही हात जोडून रामराम. तुमचा गुडघा आता कसा आहे? वहिनींचा खोकला गेला का? (गेला नसेल तर डॉक्टरला छाती दाखवा. खोकल्याला घरचं माणूस समजून ठेवून घेऊ नये.) इकडे मी, सातवीतली नात पुष्पांजली आणि तिसरीतला नातू शिवम, तिघंही बरे आहोत. तुमची बहीण विमल सोमवारपासून तुमच्याकडे आहे, म्हणजे तीही बरीच असणार. ती माझ्यावर रागावून आली आहे हे तिनं सांगितलं असेलच. माझी बाजू मात्र कोणी सांगितली नसेल, म्हणून हे पत्र. फोन केला असता, पण तुमचा फोन तीच उचलते.

तर झालं असं. ज्ञानेश्वर आणि सूनबाई चाकणला कंपनीत असल्यामुळे शाळेच्या कागदावर पालक म्हणून माझं नाव आहे. आणि शाळेत दुपारची खिचडी विमल शिजवते, हे तुम्हाला माहीत आहेच. मुलांना वाढण्याआधी ती खिचडी रोज एका पालकानं चाखायची आणि चव रजिस्टरमध्ये अभिप्राय लिहून सही करायची, असा नियम आहे. मागच्या शुक्रवारी माझी पाळी आली. मी आदल्या दिवसापासूनच घाबरलो होतो. (मी चौथी पास. सही येते, अभिप्राय कधी दिला नव्हता.) आधीची पानं पाहिली तर सगळ्यांनी "चव चांगली" एवढंच लिहिलेलं. मी चाखली. मीठ कमी होतं. आता भाऊ, एक्केचाळीस वर्षांत मी घरी मिठाबद्दल एक शब्द काढलेला नाही. कमी असलं तर पापड मागतो, जास्त असलं तर पाणी. पण ही पडली सरकारी वही, वर शिक्का. खोटं लिहिलं आणि उद्या तालुक्याहून साहेब आला, शालिग्राम कोण म्हणून विचारायला लागला, तर? शेवटी लिहिलं, "मीठ कमी आहे. बाकी सर्व ठीक." सही केली, तारीख टाकली. (विमलला तिथंच तोंडानं सांगितलं असतं तर तिनं मूठभर मीठ टाकून दिलं असतं, हे मला घरी आल्यावर सुचलं.) वाटलं, वही मिटली की गोष्ट मिटली.

पण शाळेत मुलांचं मंत्रिमंडळ असतं, आणि त्यात आहारमंत्री आमचीच पुष्पांजली. आदल्या दिवसाचा अभिप्राय सकाळी परिपाठात वाचणं हे तिचं काम. शनिवारी तिनं सुविचार वाचावा अशा आवाजात तो वाचला, माझ्या नावासकट. विमल तेव्हा स्वयंपाकाच्या शेडमध्ये तांदूळ निवडत होती. तिला नीट ऐकू गेलं नसेल म्हणून शिवम पळत जाऊन पुन्हा सांगून आला. मी पुष्पांजलीला म्हणालो, पोरी, घरची गोष्ट होती, गाळायची होती. तर ती म्हणते, "आबा, मंत्र्यानं घरच्या लोकायले सोडलं तर मंग लोक काय म्हणतीन?" (मंत्र्यांशी वाद घालायची मला सवय नाही.)

संध्याकाळी विमलनं माझ्या ताटाशेजारी मिठाची अख्खी बरणी ठेवली. "घ्या. एक्केचाळीस वर्साचं राह्यलेलं भरून काढा." मी म्हणालो, "अवं, सरकारी वही होती ते." "मंग जेवाले बी सरकारकडंच जा न!" पोरं इतकी हसली की शिवमच्या नाकातून वरण आलं. रविवार तिनं न बोलता काढला आणि सोमवारी पहिल्या एसटीनं तुमच्याकडे निघाली.

हेडसर म्हणाले, बदली माणूस घरचाच द्या. मदतनीस कलाबाई बाकी सगळं करायला तयार झाली, पण म्हणाली, "मिठाले मी हात लावनार नाई भाऊजी. ते तुमच्या घरचं भांडन हाय." म्हणून तीन दिवस झाले, बासष्ट लेकरांची खिचडी मी शिजवतो आहे. पहिल्या दिवशी भीतीनं मीठ घातलंच नाही. प्रत्येकाच्या ताटात चिमूटभर वेगळं वाढलं, ज्यानं त्यानं आपल्या जबाबदारीवर घ्यावं. पोरांनी नुसतं मीठ चाटलं. दुसऱ्या दिवशी घातलं, आणि घातलं की नाही या शंकेनं पुन्हा घातलं. शिवमला विचारलं, कशी झाली रे? तो म्हणे, "आबा, तोंडी सांगू का रजिस्टरात?" चाखायची पाळी सोजराबाईची होती. तिनं "मीठ जास्त" लिहिलं आणि आहारमंत्र्यांनी त्यापुढं "स्वयंपाकी घाबरट" अशी भर घातली. (हेडसरांनी ते दोन शब्द खोडायला लावले, पण खोडलेलंही वाचता येतं.) आज मिठावर इतकं ध्यान दिलं की डाळच विसरलो.

भाऊ, पोरं दिवसभर मला हसतात. पण संध्याकाळी शिवम फाट्यावर जाऊन बसतो आणि कोणती एसटी कुठून आली ते पाहतो. त्याला एकट्याला बरं वाटत नाही म्हणून मीही जाऊन बसतो. तेव्हा विमलला समजावून पाठवा. तिच्या हाताला चव आहे, हे मी कोणत्याही वहीत लिहून द्यायला तयार आहे.

तुमचा मेहुणा,
शालिग्राम

ता. क. – बासष्ट लेकरांना मीठ किती मुठी, एवढं तिला सहज विचारा. मी विचारलं असं सांगू नका. मूठ तिची की माझी, हेही विचारा.

पुन्हा ता. क. – आज गुरुवार. तुमच्या संग्रामपूरला बाजाराला निघालेल्या कडूबाच्या हाती हे पत्र देणार, तेवढ्यात विमल स्वतःच शाळेत हजर! शिवमनं फोन करून, आबांनी अख्खी शाळा उपाशी ठेवली, असं सांगितलं म्हणे. तिनं झाकण काढलं, खिचडी चाखली. मी डोळे मिटून घेतले. आणि भाऊ, आजच नेमकं मीठ बरोबर पडलं होतं. ती हसली, माझ्याशी बोलली, सगळं मिटलं. मग म्हणाली, "जमते की तुमाले! मंग मले आनखी पंधरा दिवस माहेरी राहू द्या. इतक्या वर्सात कवा राह्यली मी?" ती आता कडूबाच्याच एसटीनं परत तुमच्याकडे येते आहे. पत्र तो तुम्हाला तिच्या नकळत देईल. तेव्हा समजावणं राहू द्या, माझी विनंती बदलली आहे. तुम्ही तिच्या स्वयंपाकात काहीतरी खोट काढा, चारचौघांत, मोठ्यानं. फक्त मीठ सोडून दुसरं काही काढा. मीठ म्हणालात तर माझं नाव येईल.