रावेर पुढच्या महिन्यात

१ सप्टेंबर, सोमवार
धुळ्याचं प्रशिक्षण आटोपून काल जळगावला परतलो. विषय: प्रौढ शिक्षणात शिक्षकाची भूमिका व जबाबदाऱ्या. दोन्ही दिवस सर्वांत जास्त मीच बोललो. शेवटी प्रशिक्षक मॅडम म्हणाल्या, पंडित सर, आता इतरांनाही बोलू द्या. इतरांकडे बोलण्यासारखं काही नव्हतं, पण मॅडमचा मान राखला.
हायस्कूलमध्ये जन्मभर इतिहास-नागरिकशास्त्र शिकवलं. रिटायर होऊन वर्ष झालं. घरी बसून मेंदूला गंज चढतो. सौ.चंही तेच म्हणणं आहे, फक्त ती गंज हा शब्द माझ्यासाठी वापरते.
संकल्प: मार्चपर्यंत मेहरूणचा आपला भाग पूर्ण साक्षर. रोज डायरी. गोड बंद.

३ सप्टेंबर
वर्ग सुरू. शाळा सुटल्यावर दुपारी एक खोली मिळते. विद्यार्थी चार.
अमिनाबी: साठीच्या पुढची, बांगड्यांचं दुकान. वर्ग भरवण्यात हिचाच पुढाकार. चावीही तिच्याकडेच असते.
अन्वर: गाद्या-रजया भरतो. शर्टाला कायम कापूस.
नाजमीन: शिलाई करते. बोलत नाही. (चांगली विद्यार्थिनी.)
भुरीबाई: सातपुड्याच्या पायथ्याची. नवरा मंगा इथे एका बिल्डिंगच्या साइटवर वॉचमन, ही तिथेच मजुरीला.
मी उद्घाटनाचं भाषण केलं. लिपीचा उगम. वेळ संपली तेव्हा अजून शिलालेखच चालू होते. सगळे भारावून गप्प बसले होते. अन्वर तर डोळे मिटून ऐकत होता.

४ सप्टेंबर
भुरीबाई म्हणाली, "सर, माले बठ्ठं नही शिकनं. फक्त रावेर शिकाडा."
चौकशी केली. मुलगी सरिता रावेरला दिलेली आहे. जावई केळीच्या पॅकिंगला जातो. मुलीला पहिलं बाळ व्हायचंय, दिवस डिसेंबरचे. एरवी मंगा सोबत नेतो, आता त्याला साइट सोडता येत नाही. म्हणजे हिला एकटीला जायचं. "गाडीवर रावेर लिखेल शे का नही, इतलंच माले समजाले जोयजे."
कीव आली. ज्ञानाचा समुद्र समोर आणि बाईला हवा एक तांब्या. तिला समजावलं की शिक्षण पायापासून होतं. आधी स्वर, मग व्यंजनं क्रमाने. र हे अक्षर य च्या नंतर येतं. रावेर नोव्हेंबरात येईल.
ती म्हणाली, बरं सर. समजूतदार आहे.

५ सप्टेंबर, शिक्षक दिन
वर्गात कुणी शुभेच्छा दिल्या नाहीत. त्यांना अजून माहीत नसणार. मीच शिक्षक दिनाचं महत्त्व सांगितलं. उद्या अ.
गुलाबजाम एकच खाल्ला. सण होता.

२६ सप्टेंबर
अ ते औ पूर्ण. वेग थोडा कमी आहे, पण पाया पक्का. आज ऌ घेतला. आजकालचे शिक्षक हे अक्षर सोडून देतात. मी सोडणार नाही.
अन्वरने विचारलं, हे कोणत्या शब्दात येतं. मी सांगितलं, क्लृप्तीत. क्लृप्ती म्हणजे? मी म्हटलं, युक्ती. तो म्हणाला, मग आपण युक्तीच लिहू ना सर.
ही वृत्ती मोडून काढली पाहिजे. उद्या पुन्हा ऌ.

२७ सप्टेंबर
ऌ. उपस्थिती दोन.

१४ ऑक्टोबर
क-वर्ग चालू. नाजमीनला शिलाईची दिवाळी ऑर्डर आहे म्हणून येत नाही. मला वाटतं प्रेरणा कमी पडते. प्रेरणेवर तासभर बोललो. ऐकायला भुरीबाई आणि अमिनाबी होत्या. म्हणजे ज्या येतात त्यांनाच बोललो, पण निरोप पोचेल.
भुरीबाईने पुन्हा विचारलं, रावेर कधी. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात.
सौ. जेवताना म्हणाली, अहो, र सांगून टाका ना तिला. दोनदा र आणि मध्ये वे, त्यात काय आहे. सौ.ला अध्यापनशास्त्र माहीत नाही. तसं स्पष्ट सांगितलं. भाजीत मीठ नव्हतं, ते मात्र सांगितलं नाही.

११ नोव्हेंबर
दिवाळीनंतर वर्ग पुन्हा सुरू. गंभीर प्रकार घडला. मी ट शिकवत असताना भुरीबाईने पाटीवर र काढला. चांगला वळणदार. कुठून आला विचारलं तर अमिनाबीची सून शाझिया, तिने शिकवला म्हणे. शाझिया बारावी पास आहे. भुरीबाई बांगड्या भरायला गेली होती, तेवढ्यात दुकानाच्या पायरीवर.
मी शांतपणे सांगितलं की अशी मधली अक्षरं बाहेरून शिकली तर पाया ढासळतो. र पुसायला लावला. तिने पुसला, पण पदराने, सावकाश.
क्रम म्हणजे क्रम.

२८ नोव्हेंबर
प-वर्ग पूर्ण. प, फ, ब, भ, म. भुरीबाई प ओळखते, कुठेही. आता य, की लगेच र. रावेर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नक्की. महिना थोडा पुढे गेला, पण बाळही डिसेंबरातच आहे. नियोजन किती अचूक बसलं.

२ डिसेंबर, सकाळ
भुरीबाई घरीच आली. सरिताला पहाटे रावेरच्या दवाखान्यात दाखल केलं. मंगाच्या साइटवर आज स्लॅब, त्याला हलता येत नाही. तिचं म्हणणं होतं, अन्वरने स्टँडवर येऊन गाडीत बसवून द्यावं.
मला त्याच क्षणी सुचलं. शैक्षणिक सहल. शिक्षण जीवनाशी जोडायचं ते हेच. अन्वर आणि अमिनाबीला बोलावून घेतलं. नियम एकच: कुणाला विचारायचं नाही. विचारणं ही निरक्षराची कुबडी आहे. आपण वाचून बसणार. मी स्वतः रावेरपर्यंत सोबत जाणार.
सौ. म्हणाली, चष्मा घ्या. घेतला नाही. अन्वर मोबाइलवर फोटो काढणार आहे, अहवालाला लागतील. चष्म्यात मी थकल्यासारखा दिसतो.

२ डिसेंबर, रात्री
जे घडलं ते तटस्थपणे लिहितो.
स्टँडवर रावेरच्या फलाटावर एक गाडी उभी होती. आमची हीच, हे उघड होतं. मी सगळ्यांना समोर उभं करून बोर्ड म्हणजे काय यावर थोडं बोललो. अन्वरने फोटो काढले. भुरीबाई बोर्डाकडे बघत होती. म्हणाली, "सर, प शे हाई. पहिले र नही."
मी म्हटलं, पहिल्या अक्षरावरून निष्कर्ष काढू नये. पूर्ण वाच. ती म्हणाली, प, मग... पुढचं अक्षर तिला येईना. ह आपण अजून घेतलेला नाही, त्यामुळे ते वाचन मी ग्राह्य धरलं नाही. ती पुन्हा म्हणाली, "पन सर, पहिले र नही शे." अमिनाबी म्हणाली, कुणाला तरी विचारू या. मी नियमाची आठवण करून दिली. गाडी सुटत होती. भुरीबाईला चढवलं, मागून मी चढलो.
गाडी खचाखच. कंडक्टर आमच्यापर्यंत पोचला तेव्हा नेरी मागे पडलं होतं. मी दोन रावेर मागितले. तो म्हणाला, काका, ही पहूर गाडी आहे. रावेर तिकडं, तुम्ही चालले इकडं.
भुरीबाई खिडकीतून बाहेर बघत राहिली. तिने काही बोलायला हवं होतं, मला उत्तर देता आलं असतं.
कंडक्टरने सांगितलं, पहूरला उतरा, तिथून जामनेरवरून भुसावळची गाडी धरा, पुढे रावेर.
पहूरला उतरलो. चुकीच्या फलाटावर गाडी लावणं ही गंभीर बाब आहे आणि बोर्डाचा टाइपही बारीक आहे. मी कंट्रोलरच्या केबिनमध्ये जाऊन तक्रार लिहायला घेतली. कंट्रोलर म्हणाला, गाडी जळगाव डेपोची, तक्रार तिकडे करा. मी त्याला नागरिकांचे हक्क समजावून सांगितले. बाहेर आलो तर भुरीबाई नाही. स्टँड पूर्ण पाहिला. शेवटी पेरू विकणाऱ्या बाईने हाक मारली. माझी पिशवी तिच्याकडे ठेवलेली होती. म्हणाली, तुमच्यासंगची बाई भुसावळच्या गाडीत बसून गेली, सरांना सांगजा म्हणे, थांबायला टाइम नाही.
मी विचारलं, गाडी वाचून बसली का?
नाही, म्हणाली. मला विचारलं, मग कंडक्टरला विचारलं, मग बसली.
विचारून गेली. तीन महिन्यांच्या मेहनतीनंतर.
परतीची गाडी उशिरा मिळाली. पेरू खाल्ले. पोट बिघडलं आहे.

४ डिसेंबर
मंगा आला होता. मुलगी झाली. दोघी सुखरूप. मी म्हटलं, अभिनंदन, बघा, भुरीबाई एकटी दोन गाड्या बदलून गेली, हे शिक्षणाचं यश. तो खाली बघत म्हणाला, भुरी पोचली तेव्हा बाळ होऊन गेलं होतं. सरिताजवळ फक्त तिची सासू. "पोर रडे सर. मन्ही माय कोठे शे, इतलंच म्हने."
तक्रार करायला आला नव्हता. सांगायला आला होता. चहा घेतला नाही, साइटवर पाणी मारायचं होतं.
छातीत जरा जड वाटतंय. पेरूंचा परिणाम असावा. सौ.ला तसं म्हटलं तर ती म्हणाली, पेरू परवा खाल्ले होते.

५ डिसेंबर
अहवाल लिहिला. 'क्षेत्रभेट यशस्वी. एका विद्यार्थिनीने दोन गाड्या बदलून स्वतंत्र प्रवास पूर्ण केला.' यात खोटं काही नाही. फोटोत मी चांगला दिसतोय. माझ्या डोक्यामागे बोर्ड आहे, पहूर स्पष्ट वाचता येतं. फोटो जोडला नाही.

८ डिसेंबर
आज य. कुणी आलं नाही. लग्नसराई असेल.

९ डिसेंबर
खोलीला कुलूप. चावी अमिनाबीकडे. पायरीवर बसून वाट पाहिली. शिपाई म्हणाला, सर, वर्ग बंद झाला ना? मी म्हटलं, आज सुट्टी दिली आहे.

१२ डिसेंबर
अमिनाबीच्या दुकानावर गेलो. तिने स्टूल दिलं, पाणी दिलं. मग सरळ सांगून टाकलं. वर्ग आता तिच्या घरी भरतो, चार वाजता. शाझिया शिकवते. नाजमीनही परत यायला लागली आहे, शिवाय गल्लीतल्या आणखी काही बायका.
मी विचारलं, माझं काय चुकलं. ती बांगड्या पुसत होती. म्हणाली, सर, तुमचा इल्म मोठा आहे. पण भुरीबाई तुम्हाला बोली ना, पहिला र नाही. आपने सुनाच नाही.
मी म्हटलं, गोंगाट होता. ती म्हणाली, हां सर, गोंगाट होता.
निघताना म्हणाली, तुम्ही पण या सर. पीछे बसा. मगर बीच में बोलायचं नाही.
जाणार नाही. तीस वर्षांच्या वर शिकवलेल्या माणसाने बारावी पास मुलीच्या वर्गात मागे बसायचं?

१३ डिसेंबर
निरीक्षक म्हणून जाता येईल. निरीक्षक मागेच बसतात.

१५ डिसेंबर
गेलो. मागे बसलो, शिवणयंत्राशेजारी. सौ.ने चष्मा स्वतः खिशात घालून दिला होता.
शाझियाची पद्धत अगदीच अशास्त्रीय. क्रम नाही. प्रत्येकाला विचारते, तुम्हाला कोणता शब्द पाहिजे. तो लिहून देते, त्यातली अक्षरं सुटी करते, की झालं. अन्वरने गादी हा शब्द मागितला. अमिनाबीने तिच्या बीपीच्या गोळीचं नाव मागितलं. नाजमीन म्हणाली, नाजमीन. तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, जरा घोगरा आहे.
हा प्रश्न मीही विचारणारच होतो. व्यंजनं संपल्यावर.
मधे दोनदा मला बोलायचं होतं. अमिनाबीने मान वळवली, मी खोकल्यासारखं केलं.
एवढ्यात भुरीबाई आली. रावेरहून कालच परतली. सगळ्यांना बर्फी दिली, मलाही दिली. नातीचा फोटो दाखवला. डोक्यावर खूप केस आहेत. मी म्हटलं, छान. आणखी बरंच म्हणायचं होतं. पहूरच्या स्टँडपासून जमवून ठेवलं होतं. पण ती तोवर पुढे जाऊन सतरंजीवर बसली.
शाझियाने विचारलं, मावशी, तुम्हाला कोणता? मला वाटलं रावेर म्हणेल. ती म्हणाली, रावेर आता येतं. सरिताच्या दारासमोरून दिवसभर केळीच्या गाड्या जातात, त्यांच्यावर बघून बघून पाठ झालं.
मग?
"पहूर शिकाड," म्हणाली. "त्या गाडीत परत बसनं नही."
सगळे हसले. तीही हसली. माझ्याकडे कुणी बघितलं नाही, ते मुद्दाम होतं हे माझ्या लक्षात आलं.
शाझिया म्हणाली, सर, तुमचं अक्षर सुंदर आहे, फळ्यावर तुम्ही लिहाल का? उठलो. चष्मा लावला. खडू हातात घेतला. ह या अक्षराविषयी थोडं सांगणं गरजेचं होतं, म्हणून वळलो.
शाझिया म्हणाली, सर, फक्त शब्द.
फक्त शब्द लिहिला. मोठा, ठसठशीत, मागच्या बाईलाही दिसेल असा. भुरीबाईने बोट फिरवत वाचला. प, हू, र. मी परत शिवणयंत्राशेजारी जाऊन बसलो.

१५ डिसेंबर, रात्री
सौ.ने विचारलं, काय झालं वर्गात. मी म्हटलं, काही नाही, एक शब्द लिहिला. तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला.
उद्याही फळ्यावर मीच लिहिणार आहे. बाकी काही जबाबदारी नाही.