कुंपणामागच्या ओळी

गुरुवार, ३ ऑक्टोबर
प्रभूची कृपा! आज पंपघरात राहायला आलो. दोन खोल्या, कोरडा माळा, परसात नाशपातीचं झाड. मारीनसने मला उचलून उंबरा ओलांडायचा घाट घातला आणि पाठीत उसण भरून घेतली. पन्नाशीचा पंपचालक आणि नवरदेवाची हौस! हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

शेजारची विधवा लेना दालचिनीचे वेटोळे पाव घेऊन आली. बांधाच्या पायथ्याशी तिची खोपटी आणि चार शेळ्या आहेत. आधीच्या बाईने, याकोमिनाने, खिडक्या कधी धड पुसल्या नाहीत, तू तरी पूस गं बाई, म्हणाली. ती कुठे गेली असं विचारलं, तर लेनाने कॉफीत साखर नसताना चमचा ढवळला. डब्यातून तिला एक बिस्किट दिलं, स्वतः एक घेतलं, झाकण लावलं.

सोमवार, ७ ऑक्टोबर
मारीनसची बोटं पान्यासाठी घडलेली. कळफलकावर एकदम तीन अक्षरं उमटतात. तेव्हा पंपांच्या संगणकात आकडे मी घालायचे ठरलं. शिकवायला डिंगमान आले होते. पाणीमंडळाचे अध्यक्ष तेच, चर्चच्या वडीलमंडळातले ज्येष्ठही तेच. मॅट्रिक झालेली बाई म्हणजे अर्धी इंजिनिअरच की, म्हणाले, आणि स्वतःच हसले.

काळा पडदा. चित्र नाही, माऊस नाही. एक फाइल, तिच्यात ओळी: पश्चिम_चर = -२१०. डावीकडे चराचं नाव, उजवीकडे पाणी समुद्रसपाटीखाली कुठवर ठेवायचं तो आकडा. बदलायचं तर ‘बसव’ टाइप करायचं, मग नाव, मग आकडा, मग एंटर. पंप तसे चालतात. सगळ्या पोल्डरची, म्हणजे समुद्र हटवून काढलेल्या या पट्ट्याची, जमीन समुद्राच्या खाली; पंप थांबले की शेतांची तळी.

दोन नियम सांगितले. एकच नाव दोनदा आलं तर खालची ओळ खरी. आणि ओळ कधी पुसायची नाही. नको असेल तर तिच्यापुढे # ही खूण घालायची. हिला आमच्याकडे कुंपण म्हणतात. कुंपणामागचं यंत्र वाचत नाही, माणूस वाचतो. त्यामुळे तिथे टिपणंही लिहिता येतात. मला हे फार आवडलं. माझ्या लोणच्यांच्या बरण्यांवर मी असंच लिहिते.

शनिवार, १२ ऑक्टोबर
दुपारी डिंगमानांचा फोन. उद्या उपदेश चालू असताना पंपांची घरघर चर्चमध्ये नको, संध्याकाळपर्यंत सगळे बंद ठेवा. पाऊस सांगितलाय म्हणून मी चाचरले. टोनाबाई, पाऊस पाडणाऱ्याचाच दिवस आहे ना तो, म्हणाले. त्यांच्या स्वयंपाकघरात बसलेले वडीलमंडळातले दुसरे ज्येष्ठ, हुब्रेख्त, मोठ्याने हसल्याचं ऐकू आलं. मारीनस माझ्या शेजारी उभा होता, त्यानेही सगळं ऐकलं. मी पंप बंदची ओळ घातली आणि वर टिपण: # डिंगमान यांनी शनिवारी फोनवर सांगितल्यावरून.

सोमवार, १४ ऑक्टोबर
काल दिवसभर मुसळधार. लेनाच्या खोपटीत कमरेएवढं पाणी शिरलं. लेना वाचली. चारही शेळ्या दाव्याला बांधलेल्या, तशाच बुडाल्या.

डिंगमान बांधावर सगळ्यांदेखत म्हणाले, मी तर फोन केलाच नाही. नवख्या बाईच्या हाती कळफलक दिला, ही माझी चूक, असंही म्हणाले.

मंगळवार, १५ ऑक्टोबर
टिपण दाखवायला फाइल उघडली. टिपण नाही. पंपघराची दुसरी किल्ली डिंगमानांकडे असते. माझ्या ओळीच्या जागी दुसरीच होती:

# माझंही असंच पुसलं होतं. याकोमिना

रविवार, २० ऑक्टोबर
उपासनेनंतर वडीलमंडळासमोर उभं केलं. मी खरं तेच सांगितलं. हुब्रेख्त खिडकीबाहेर बघत राहिले. मारीनसला विचारलं, तू काही ऐकलंस का? तो टोपीची कड चाचपत राहिला. शेवटी म्हणाला, आठवत नाही.

घरी येताना म्हणाला, घर जाईल, टोने. थंडी तोंडावर आली आहे. घरी पोचल्यावर वाटाण्याचं सूप त्याच्यापुढे ठेवलं आणि स्वतः उपाशी निजले.

मंगळवार, २२ ऑक्टोबर
लेनाकडून सगळं वदवून घेतलं. चार वर्षांपूर्वीही रविवारच. पंप बंद, पाऊस, आणि चरात याकोमिनाची सात वर्षांची मुलगी बुडाली. दोष आईवर आला. तिला प्रभुभोजनातून, म्हणजे चर्चमध्ये भाकर वाटतात त्यातून, वगळलं. महिन्याभरात याकोमिनाही पंपाच्या जाळीला अडकून मेलेली सापडली. लेना रडत म्हणाली, आम्ही सगळे गप्प बसलो गं.

परतल्यावर फाइलमध्ये नवी ओळ:

# तिचं नाव ट्रीन. दुधाचे दात पडायचे होते.

मेलेल्यांशी बोलणं पाप आहे, हे मला माहीत आहे. तरी मी कुंपण घालून खाली लिहिलं: # मला वाईट वाटतं.

रविवार, २७ ऑक्टोबर
प्रभुभोजन. भाकर माझ्यासमोरून पुढे गेली. त्याआधी उपदेशाच्या वेळी हुब्रेख्तांच्या बायकोने पेपरमिंटची पुडी रांगेत फिरवली, आणि माझ्याशी आल्यावर हात लांबवून पलीकडच्या बाईला दिली. लहानपणापासून, माहेरच्या चर्चमध्येही, मी अशा पुडीतली गोळी खात आले आहे. मारीनसने घेतली. चोखत बसला. मला आवाज येत होता.

सोमवार, २८ ऑक्टोबर
सकाळी दहाला बसले आणि लिहिलं. कुंपणामागे, म्हणजे यंत्र वाचणार नाही.

# डिंगमान = पाण्याखाली
# हुब्रेख्त = पाण्याखाली
# मारीनस = पाण्याखाली

लिहिल्यावर शांत वाटलं. उठून चादरी धुतल्या.

बुधवार, ३० ऑक्टोबर
तिने उत्तर दिलं आहे.

# पहिलं कुंपण तू काढ. बाकीची मी काढीन.

अशा नावाचा चर नाही. पंप कुठला चालणार, कुठला थांबणार? काहीच होणार नाही, असं मी स्वतःला सांगितलं. पण खोटं कशाला लिहू. काहीतरी व्हावं म्हणूनच मी ते कुंपण काढलं. एंटर दाबताना लेनाच्या शेळ्या आठवल्या, ती सात वर्षांची पोर आठवली आणि पलीकडे गेलेली भाकर आठवली.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर
डिंगमान गेले. सकाळी न्याहारीच्या टेबलाशी, खुर्चीत. कपडे कोरडे, फरशी कोरडी. डॉक्टरांनी पालथं केलं तर तोंडातून चराचं पाणी आणि शेवाळ. लेना सांगत होती आणि रिकाम्या भिंतीकडे बघत होती.

मला बरं वाटलं. देवा, मला फार बरं वाटलं. दोन बिस्किटं खाल्ली.

शनिवार, २ नोव्हेंबर
दुसरं कुंपण मी काढलं नव्हतं. ते निघालेलं होतं.

हुब्रेख्त दुपारी गोठ्यात सापडले. तसेच. त्यांची बायको संध्याकाळी आमच्या दारात येऊन उभी राहिली. पेपरमिंटची पुडी पुढे केली. मी घेतली नाही.

मग ती गेल्यावर तिसरी ओळ आठवली.

धावले. कुंपण शाबूत आहे. अजून आहे. मी त्याच्यापुढे आणखी एक घातलं. ## मारीनस.

रविवार, ३ नोव्हेंबर
चर्चला गेले नाही. पडद्यासमोर आहे. एक कुंपण गेलं. मी घातलं. गेलं. ओळच पुसली, नियम मोडून. परत आली.

मारीनस पहाटेपासून खोकतो आहे. रुमाल हिरवा.

सोमवार, ४ नोव्हेंबर
कुंपण नाही. उघडी ओळ.

खालची ओळ खरी. म्हणून तिच्याखाली लिहिलं: मारीनस = कोरडा. क्षणात तिच्याखाली: मारीनस = पाण्याखाली. मी पुन्हा. ती पुन्हा. पडदा वर सरकतो आहे. बाकावर निजवलंय त्याला, माझ्या मागे. म्हणतो, टोने, मी सांगायला हवं होतं गं. पाठीचं काय, आता उचलू का तुला, म्हणाला, आणि हसताना पाणी —

मी माफ केलं त्याला. मोठ्याने म्हटलं. तेही कुंपणामागे लिहिलं.

दुपार
एका हाताने लिहिते, दुसऱ्याने एंटर. तिला विनवलं. # माझं नाव घे. त्याच्याऐवजी.

उत्तर आलं.

# तुझ्याशी माझं वैर नाही. नावं मी लिहिली नाहीत.

कोरडा. कोरडा. कोरडा. बोटं ओली आहेत, कळा निसटतात — तो खोकत होता तोवर बरं होतं — आता आवाज नाही — मागे वळून बघायचं तर हात थांबेल, हात थांबला तर खालची ओळ — मारीनस, हाक दे, नुसतं हूं म्हण, मी बघत नाही, मी लिहिते आहे, तू फक्त