कोबीची रांग आणि तुझी अट

तीर्थरूप दादास,

धाकट्या बहिणीचा साष्टांग नमस्कार. (गुडघे वाकत नाहीत, तेव्हा उभ्यानेच केला आहे असं समजावं.) तुझा रक्तदाब, वहिनींचा खांदा आणि मागच्या खोलीचं ते दार, जे तू गेली सहा वर्षं 'उद्या' दुरुस्त करतो आहेस, ही तिन्ही ठीक असावीत. माझी तब्येत उत्तम आहे. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचताना तुला शंका येईल.

मी एकटी इथे राहायला आले तेव्हा तू घातलेली अट कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे. अक्षर तुझं, सही माझी: 'तीन महिन्यांत एकदा जरी कुणाला हिला घरी आणून सोडावं लागलं, तर ही निमूटपणे माझ्याकडे राहायला येईल.' एकतीस वर्षं कॉलेजच्या परीक्षा विभागात काढलेली बाई सही करून विसरत नसते. दोन महिने आणि एकोणीस दिवस मी कुणाचा हातसुद्धा धरला नव्हता. विसाव्या दिवशी शनिवार आला. आता क्रमाने सांगते, मध्ये बोलू नकोस.

या भागाबद्दल तू म्हणाला होतास की तिथे माणसांचा नुसता लोंढा असतो. खरं आहे. मधोमध बाजार, दोन्ही अंगांना एकेक बाग, आणि पलीकडच्या बागेच्या फाटकापाशी बसचा थांबा, ट्रामचा थांबा, जमिनीखाली मेट्रो. शहरात ज्याला कुठेही जायचं असतं तो आधी इथे येतो. (ज्याला कुठेच जायचं नसतं तो बागेत बसतो.) त्यामुळे इथल्या माणसांना एक खोड जडली आहे. रांग दिसली की उभं राहायचं. कशाची आहे हे विचारायचं नाही, कारण विचारेपर्यंत चार जण पुढे लागलेले असतात. आधी उभं राहायचं, मग फोन काढून मान खाली घालायची, आणि पुढचा सरकला की आपण सरकायचं. अपवाद फक्त बाजाराचा. तिथे रांग नव्हती. ती मी लावली.

कोपऱ्यावर एक भाजीवाली बसते. तिचा कोबी नंबर एकचा, पण पद्धत अशी की जो मोठ्याने ओरडेल त्याला आधी. मी ओरडत नाही हे तुला माहीत आहे; कित्येक शनिवार मी बटाट्यांवर काढले. त्या शनिवारी मात्र टोपल्यांना पाठ लावून गर्दीकडे तोंड केलं आणि पेपरच्या दिवशीचा राखून ठेवलेला आवाज काढला. "एकामागे एक. बोलणं बंद." दादा, बंद झालं! पाच मिनिटांनी भाजीवाली हळूच म्हणाली, "बाई, मी तरी बोलू ना?" मी परवानगी दिली.

पहिला नंबर अर्थात माझा. पण रांग लावणारा रांगेतच उभा राहिला तर मागे घुसखोरी होते. म्हणून मी माझ्या जागी पिशवी ठेवली (पिशवीला रांगेत माणसाइतकाच मान असतो) आणि मागे नजर टाकायला निघाले. पिशवीत किल्ल्या, चष्मा आणि फोन. हसू नकोस. गल्ली अरुंद, म्हणून रांग मी बागेतून वळवून घेतली, झाडांच्या सावलीत. रोज बाकावर बसणारे एक आजोबा कुत्र्यासह उठले आणि न विचारता रांगेत आले. मेट्रोतून वर आलेले आले, ट्राम चुकलेले आले. मी शेवटाला पोचले तेव्हा रांगेचं शेपूट बसच्या थांब्याला टेकलं होतं, आणि समोरून बस येत होती.

ड्रायव्हरने पाहिलं की पन्नासेक माणसं सरळ रेषेत, गप्प उभी आहेत. बावीस वर्षांच्या नोकरीत त्याने असं दृश्य पाहिलं नव्हतं. (हे त्याने मला नंतर सांगितलं, आणि सांगताना डोळे पुसले.) त्याने दार उघडलं. झालं, शेपटाचं तोंड झालं. सगळे जागच्या जागी वळले आणि सरकू लागले. ही रांग कोबीची आहे हे सांगायला मी पायरीवर चढले, तर मागून इतका शिस्तशीर रेटा आला की मी थेट आत. शिस्त माझीच, तक्रार कुणाकडे करणार? दार लागलं. बस टेकडीवरच्या शेवटच्या थांब्यापर्यंत मध्ये कुठेही न थांबणारी निघाली.

मी बसमध्येच मोजणी घेतली. "कोबीवाल्यांनी हात वर करा." एकोणतीस. "बसवाल्यांनी?" अठरा. चौघांनी दोन्ही वेळा हात वर केला नाही. ते नुसतेच रांगेत होते. मग एक शिंपीणबाई माझ्यावर तुटून पडल्या. "दुकान उघडायचं सोडून कोबीपायी मी डोंगर चढतेय! कुणी लावली हो ही रांग?" मी म्हटलं, मी लावली. खोटं बोलून काय उपयोग? त्या श्वास घेऊन पुढचं बोलणार, इतक्यात आजोबा म्हणाले, "भांडू नका हो. इतकी वर्षं खालून टेकडी बघतोय, आज वर आलो." आधी ड्रायव्हर हसला, मग शिंपीणबाई हसल्या, मग कुणालाच थांबता येईना. मीसुद्धा हसले. (वहिनींना वाचून दाखवताना हे वाक्य गाळलंस तरी चालेल.)

वर पोचल्यावर आम्ही कठड्याशी ओळीने उभे राहिलो. चष्म्याविना मला नुसतं हिरवं दिसत होतं, तर शिंपीणबाईच माझी गल्ली विचारून घेऊन सांगू लागल्या, "ही एक बाग, ती दुसरी बाग, मधली ती रंगीत गडबड म्हणजे बाजार, आणि ते तुमचं छप्पर." इतका छान दिसत होता म्हणे आपला भाग! मी 'आपला' लिहिलं आहे खरं. खोडत नाही.

परतताना ड्रायव्हरने कोबीवाल्यांना आणि त्या चौघांना त्याच बसमधून आणलं. मला थांब्यावरच उतरायचं होतं. पण ट्रामचे रूळ ओलांडायचे, आणि चष्मा नाही, म्हटल्यावर सगळी बस एका सुरात नाही म्हणाली. ड्रायव्हरने बस आमच्या गल्लीत घातली. हे नियमात बसत नाही असं मी त्याला दोनदा बजावलं. एका कोपराला शिंपीणबाई, दुसऱ्याला आजोबा, पुढे कुत्रं, अशी माझी वरात दारापर्यंत आली. दारात भाजीवाली माझी पिशवी घेऊन उभी. वर तिच्याकडचा सगळ्यात मोठा कोबी. "पहिला नंबर तुमचा होता ना बाई, कुणाला हात लावू दिला नाही."

आता अटीचा प्रश्न. मी म्हणू शकले असते की त्यांनी मला नव्हे, मीच तेहतीस माणसांना परत आणलं. पण असली उत्तरं देणाऱ्यांना मी वर्गाबाहेर काढत आले आहे. मला घरी आणून सोडलं. अट मोडली.

वहिनींना नमस्कार. खांदा शेकायला सांग.

तुझी धाकटी बहीण

ता. क. शनिवारी आता दोन रांगा लागतात. एकीपुढे 'कोबी' आणि दुसरीपुढे 'बस' अशी पाटी मी स्वतः रंगवली आहे. ते चौघे दर आठवड्याला रांग बदलून उभे राहतात. मला बाजारात 'नंबरबाई' म्हणतात. मी रागावत नाही.

ता. क. २. दादा, मी आयुष्यात कुणाला सवलत दिली नाही. पाच मिनिटं उशिरा आलेल्या रडणाऱ्या मुलीलाही नाही. त्यामुळे मागताना जीभ अडखळते. पण त्या कागदातून मला मोकळी कर. मला इथे राहायचं आहे.

ता. क. ३. न्यायलाच आलास तर एक माहीत असू दे. अटीची गोष्ट मी शिंपीणबाईंजवळ बोलले आणि दुपारपर्यंत ती बाजारभर झाली. तुला समजावून सांगायला बरेच जण येणार आहेत. मी त्यांची नावं क्रमाने लिहून घेतली आहेत, प्रत्येकाला दोन मिनिटं. तुझं बोलणं सगळ्यांत शेवटी. मध्ये तोंड घातलंस तर भाऊ म्हणून गय करणार नाही.