रेसचं दुसरं तिकीट

७ जून, रविवार. शॉमबर्ग.
अर्णव १५ ऑगस्टला कॉलेजला जाणार. म्हणजे हातात दहा आठवडे. तेवढ्यात बापलेकाचं नातं घट्ट करायचं आहे. अठरा वर्षांत राहून गेलं, कारण मी बिझी होतो. नोकरी, ग्रीन कार्ड, वर इथल्या मराठी मंडळाचं अध्यक्षपद, तेही दोन टर्म. आता मोकळा आहे.

आजचा शोध: चिरंजीव दर रविवारी बेसमेंटमध्ये स्टॉक कार रेसिंग बघतात. जवळजवळ चाळीस गाड्या तीन-चार तास गोल गोल फिरतात आणि निघाल्या तिथेच येतात. पाच मिनिटं बघितलं, गरगरलं. पण फ्रिजवर ५ जुलैच्या रेसच्या दोन तिकिटांचा प्रिंटआउट लावलाय. लायब्ररीतल्या समर जॉबच्या कमाईतून काढलीत. एक त्याचं. दुसरं कोणाचं, हे सांगायला ज्योतिषी नको.

बायकोला, नेत्राला म्हटलं, सरप्राइज दिसतंय. ती म्हणाली, त्याला विचारून तर बघ. कशाला विचारायचं? पोराच्या आनंदावर विरजण कशाला घालायचं?

८ जून, सोमवार.
संकल्प: रोज एक तास रेसिंगचा अभ्यास. तिकडे गेल्यावर पोराला बाप अडाणी वाटता कामा नये.

सगळ्यात लोकप्रिय ड्रायव्हर: ब्रॉडी कॅलहून. गाडी नंबर ६१. दात छान. चार वर्षं लोकप्रियतेचा पुरस्कार त्यालाच. सगळ्यांना आवडतो, म्हणजे अर्णवलाही आवडणार. लॉजिक सरळ आहे. ६१ नंबरचा टी-शर्ट आणि टोपी ऑर्डर केली.

१० जून, बुधवार.
अभ्यास अर्धा तास. ऑफिसचा कॉल आला.

१३ जून, शनिवार.
टी-शर्ट घालून ब्रेकफास्टला बसलो. अर्णवने बघितलं, 'ओह. कूल.' म्हणाला आणि सीरिअलचा बोल घेऊन वर गेला. भारावला असावा. नेत्रा म्हणते, तसं काही दिसलं नाही. तिला मुलांची सायकॉलॉजी कळत नाही.

दुपारी ग्रोसरीला त्याला ड्राइव्ह करू दिलं. वाटेत नवीन ज्ञान सांगितलं. रेसमध्ये स्पॉटर नावाचा माणूस उंचावर उभा राहून ड्रायव्हरच्या कानात सतत सांगत असतो, डावीकडे गाडी आहे, जप, आता आत ये. म्हटलं, मी तुला हेच गेली अठरा वर्षं सांगतोय. मध्येच ब्रेक, ब्रेक असं ओरडावं लागलं, कारण सिग्नल पिवळा होता. तो स्टीअरिंग घट्ट धरून सरळ समोर बघत राहिला. मनन करत असणार.

१७ जून, बुधवार.
मोठी संधी! यंदाच्या लोकप्रिय ड्रायव्हरसाठी फॅन्सचं व्होटिंग सुरू आहे. माणशी रोज एक मत. कॅलहून या वेळी थोडा मागे आहे. त्याला निवडून आणायचं आणि रेसच्या दिवशी स्टँडमध्ये बसल्यावर अर्णवला हळूच सांगायचं, हे तुझ्या बाबांनी केलं.

२० जून, शनिवार.
निवडणुकांचा अनुभव आपल्याला आहे. मंडळाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर मेसेज टाकला, आपल्या माणसाला मत द्या. संध्याकाळपर्यंत तीन अंगठे आणि एक गुड मॉर्निंगचं फूल. मराठी माणूस स्वतःहून मत द्यायला उठत नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून वार्षिक सभेला करतो तेच केलं. प्रत्येकाला फोन. तुम्ही त्रास घेऊ नका, ईमेल आणि त्यावर येणारा कोड तेवढा सांगा, तुमचं मत मी देतो. रात्रीपर्यंत १३७ जण. प्रतापकाकांनी, म्हणजे आमच्या रिटायर्ड हार्टच्या डॉक्टरांनी, विचारलं, हे कॅलहून कोण, नवीन मेंबर का? म्हटलं, हो, तसंच समजा. काका म्हणाले, मग गणपतीला ड्यूटी लावा त्यांना.

घरच्याच लॅपटॉपवरून सगळी मतं टाकली. मान धरली.

२१ जून, रविवार. फादर्स डे.
अर्णवचा वरच्या खोलीतून टेक्स्ट. 'Happy Father's Day' आणि पुढे गाडीचं चित्र. गाडीचं! आणखी काय स्पष्ट सांगायचं असतं? नेत्राला दाखवलं. ती म्हणाली, सुमंत, तू खाली जाऊन त्याच्याबरोबर रेस का बघत नाहीस? मला वेळ नव्हता. आजची मतं राहिली होती.

२५ जून, गुरुवार.
व्होटिंगवाल्यांची ईमेल. एकाच घरातून रोज शंभरावर मतं आल्यामुळे या इंटरनेट कनेक्शनवरची सगळी खाती बाद. फॅन्सच्या फोरमवर कोणीतरी टर उडवलीय, शॉमबर्गच्या एका घरात १३७ माणसं राहतात म्हणे. किरकोळ टेक्निकल इश्यू आहे. नाव कुठे आलेलं नाही.

२६ जून, शुक्रवार.
अर्णव स्वतःहून माझ्याशी बोलला. या वर्षातलं सगळ्यात मोठं संभाषण.

त्याचंही खातं बाद झालंय. तीन वर्षं व्होटिंगचा एकही दिवस त्याने चुकवला नव्हता. मत कॅलहूनला नव्हतंच. कोणा वेस पिकेटला, नंबर ७३. 'डॅड, डू यू इव्हन नो हिम?' असं विचारलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मला समजूत घालता आली असती.

पिकेट शोधला. क्रमवारीत तेहतिसावा. मतं इतकी थोडी, की अर्णवचं एक गेलं तरी जाणवावं. मी शांतपणे समजावलं, बाळा, मागे उभं राहायचं तर जिंकणाऱ्याच्या. तो वर गेला. जेवायलाही आला नाही. मला आज झोप लागेल असं वाटत नाही.

२८ जून, रविवार.
नेत्राने पिकेटची माहिती दिली. घरचीच छोटी टीम. त्याचा स्पॉटर म्हणजे त्याचे वडील. टीमचा रेडिओ फॅन्सनाही ऐकता येतो, अर्णव हेडफोनवर त्यांचं बोलणं ऐकतो. वडील रेसभर फार थोडं बोलतात. गाडी आपटली तरी एवढंच, तू ठीक आहेस ना, मग सावकाश ये. अर्णवला ते ऐकायला आवडतं म्हणाली.

तुला हे सगळं कसं माहीत, विचारलं. म्हणाली, तीन वर्षं दर रविवारी मी त्याच्याशेजारी बसून बघते. मला वाटायचं, ही खाली कपड्यांच्या घड्या करते.

असो. टोपी रिटर्न केली. ७३ नंबरची मागवलीय. दुकानात नव्हतीच, कोणी घेत नाही.

३ जुलै, शुक्रवार.
टोपी आली. परवाची सगळी तयारी झाली. पाणी, सनस्क्रीन, कानात घालायचे बोळे, दोन जोड्या. संकल्प: स्टँडमध्ये आपणहून बोलायचं नाही. तो विचारेल तेवढंच.

संध्याकाळी अर्णव खोलीत आला. दारातच उभा राहिला. रविवारी ड्रॉप करशील का, विचारलं. एवढ्या ट्रॅफिकमध्ये तो चालवत असला की आईला हायवेवर भीती वाटते आणि तिला टेन्शन न घेता रेस बघता यावी असं त्याला वाटतं.

मी म्हटलं, ऑफ कोर्स.

५ जुलै, रविवार. दुपारी २.४०. ट्रॅकचं पार्किंग लॉट.
सव्वा तास ड्राइव्ह. अक्षर बोललो नाही. कोणाच्या लक्षात आलं नाही, ते दोघं टायरबद्दल बोलत होते. नेत्राला टायरबद्दल इतकं कळतं!

७३ची टोपी नेत्राला दिली. तिला बसली. अर्णव तिचा फोटो काढताना हसला. इतका मोकळा हसलेला मी त्याला कधी बघितला, ते आठवत नाही.

गेटवर तिकिटं मिळतायत. अर्णवला टेक्स्ट केला, मीही येऊ का? उत्तर आलं, 'अप टू यू. बट वी कॅन्ट सिट टुगेदर.' त्यात त्याची चूक नाही. जागा दोनच होत्या आणि तिकिटं काढली तेव्हा मी त्याच्या मनातही नव्हतो.

इथे खोटं लिहून कोणाला फसवायचंय? फार वाईट वाटतंय. तुला कोण आवडतो, एवढंच विचारायचं होतं. अर्ध्या मिनिटाचं काम.

रेस सुरू झाली. गाडीच्या काचा थरथरतायत. यातला पिकेटचा आवाज कुठला, ते ओळखायचा प्रयत्न केला. सगळ्या गाड्या सारख्याच ऐकू येतात. नेत्राला टेक्स्ट करून विचारलं, पिकेट कितवा आहे? दोनदा विचारलं. उत्तर नाही. बघत असतील दोघं.